मिऱ्याच्या बंधाऱ्यावर लँडस्केप

लँडस्केपला नव्याने बाहेर पडणारी मुलं विचारतात, कागद कुठला घेऊ, ब्रश कुठला घेऊ. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या, ब्रश हातात असेल तो चालेल. मी त्यांना उलट विचारतो, आज तिथी कुठली?

हा धडा मला रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर मिळाला. त्या दिवशी पौर्णिमा होती, हे मागाहून कळलं. नऊच्या सुमारास ओल्या वाळूची कड काढली, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात दिला आणि बोर्ड घेऊन सुरूच्या बनात डबा खायला गेलो. परत आलो तर कड गायब, स्टूल पाण्यात. हट्टाने चित्र पुरं केलं. आकाश नऊचं, समुद्र अकराचा. रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका काकांनी ते बघितलं, हसले आणि हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ढोबळ अंदाज आहे, पण आपल्याला कुठे होडी हाकायचीय? भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्यामुळे कालचं अर्धवट चित्र आज त्याच वेळी जाऊन पुरं करता येत नाही. म्हणून स्पॉटवर बसल्या बसल्या आधी पाण्याची कड आणि सावल्या पकडायच्या. डोंगर, किल्ला, दीपगृह कुठे जात नाहीत.

सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असेतो बरं चालतं. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटला की छत्री उलटते आणि वॉशमध्ये वाळू बसते. ईझलला दगड भरलेली पिशवी टांगा. कागदावर ऊन घेऊ नका. पांढरा कागद डोळे दिपवतो, मग रंग गडद लागतात आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. पाणी घरून न्या. समुद्राचं वापरलं तर मीठ कागदात राहतं आणि दमट हवेत ओल धरतं. मांडवीच्या किनाऱ्याची वाळू काळी आहे म्हणून ट्यूबमधला काळा काढू नका. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा, आणि ओहोटीला त्या ओल्या वाळूत आकाश उतरतं तेवढी पट्टी सोडून द्या. ती सोडायला मला चार-पाच वर्षं लागली.

मिऱ्याच्या किनाऱ्यावर मात्र रंगाचं तंत्र पुरत नाही. शेजारच्या वस्तीचं नावच पंधरामाड. तिथे बसलं की मी नकळत माड मोजतो. माझ्या जुन्या वह्यांत या किनाऱ्यावर वाळूची रुंद पट्टी आहे. पुढच्या वह्यांत ती अरुंद होते, मग दगड येतात, मग टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवायचे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज इथे येऊन अडकलं, तेव्हा तर सगळा स्पॉटच बदलला. गंज रंगवायला इतका सुंदर असतो, याची मला लाजच वाटली. टेट्रापॉड काढायचे तर ढीग काढू नका. एकच पकडा, त्याच्या चार पायांपैकी उजेडात कुठला आहे ते बघा, बाकीचे सावलीत विरघळू द्या.

विक्रीचं म्हणाल तर होडी आणि माड खपतात, बंधारा खपत नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘‘हे दगड काढून तिथे वाळू दाखवाल का?’’ दाखवली. जुनी वही समोर होती, घरभाडंही द्यायचं होतं. पण बंधाऱ्याचं मूळ चित्र मी ठेवून घेतलं.

आता प्रत्येक चित्रामागे तारीख, तिथी आणि बसायची जागा लिहितो, तुम्हीही लिहा. एका जुन्या चित्रामागे माझ्याच अक्षरात आहे, ‘तिसऱ्या माडाखाली’. गेल्या महिन्यात ती जागा शोधायला गेलो आणि शेवटी एका टेट्रापॉडला पाठ टेकून बसलो. मागे काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.