सेकंडहँड लेन्सचा शार्पनेस तपासताना या चुका टाळा

सेकंडहँड लेन्स हातात आली की बहुतेक जण तेच करतात. कॅमेऱ्याला लावायची, समोर दिसेल त्याचे चार फोटो काढायचे, मागच्या स्क्रीनवर मधोमध झूम करून बघायचं आणि 'शार्प आहे' म्हणत पैसे मोजायचे. चूक दोन्हीकडून होते. हात हलला किंवा फोकस हुकला म्हणून चांगली लेन्स सॉफ्ट, म्हणजे धूसर, ठरते, आणि जिचा एक कोपरा कायमचा गेलाय ती बिनबोभाट पास होते. मध्यभाग बहुतेक लेन्सचा चांगलाच असतो, दोष आधी कडांना दिसतो.

म्हणून लेन्स शार्प आहे का यापेक्षा तिचे चारही कोपरे एकसारखे आहेत का, हे बघा. एफ/१.८ ची लेन्स पूर्ण उघडी असताना (म्हणजे अ‍ॅपर्चर, प्रकाश आत घेणारं छिद्र, कमाल मोठं; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) चारही कोपऱ्यांत थोडी सॉफ्ट असेल तर तो तिच्या डिझाइनचा भाग आहे. डावीकडचा वरचा कोपरा सॉफ्ट आणि उजवीकडचा खणखणीत असेल, तर ते त्या एका नगाचं दुखणं आहे.

हात हलतो, बोल लेन्सला

शटर स्पीड 'एक भागिले फोकल लेंथ' (५० मिमीला १/५० सेकंद) ठेवला की पुरतं, हा नियम फिल्मच्या काळातला. २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर बघायचा असेल तर तो अपुरा पडतो. ५० मिमी लेन्स हातात धरून तपासताना १/२०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा. ट्रायपॉड असेल तर उत्तम: २ सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) बंद, डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर थेट चित्र. ट्रायपॉड नसेल तर टेबलावर घडी घातलेला कपडा ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, कारण स्वस्त फिल्टर टेलिफोटोची (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सची) धार अनेकदा घालवतो.

स्टॅबिलायझेशन लेन्समध्येच असेल तर त्याची चाचणी वेगळी करा. ते चालू ठेवून १/१५ च्या आसपास हातातच दहा फ्रेम काढा. बहुतेक फ्रेम हललेल्या असतील किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उड्या मारत असेल तर आतला काचांचा सरकता गट बिघडलेला असू शकतो. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवल्यावर आतून येणारा खुळखुळ आवाज मात्र अशा अनेक लेन्समध्ये नॉर्मल असतो.

फोकसचा दोष काचेच्या माथी मारणं

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना काम करणारा सेन्सर वेगळा असतो, फोटो टिपणारा वेगळा. दोघांचा मेळ थोडा चुकला की फोकस वस्तूच्या पुढे किंवा मागे पडतो, आणि माणूस लेन्स परत करून मोकळा होतो. शहानिशा सोपी आहे. तीच वस्तू एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठी करून फोकस करा. प्रत्येक वेळी रिंग फिरवून फोकस आधी पूर्ण बिघडवा, मग फोकस करा, आणि दोन्ही पद्धतींनी पाच-पाच फ्रेम काढा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो खणखणीत आणि व्ह्यूफाइंडरचे सॉफ्ट असतील तर काच ठीक आहे. निकॉनमध्ये एएफ फाइन-ट्यून आणि कॅननमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट यासाठीच असतं, पण ते सगळ्या बॉडींमध्ये नसतं, म्हणून आपल्या बॉडीत आहे ना हे आधी बघा. झूमच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लागू पडेल असंही नाही. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होत असल्याने हा घोळ सहसा होत नाही.

विटांची भिंत

विटांची भिंत सगळ्यांची लाडकी, आणि सगळ्यात जास्त फसवते तीच. फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स लावून २.५ मीटरवरून भिंत टिपली तर फ्रेममध्ये सुमारे १.८ मीटर रुंदीचा पट्टा येतो. कॅमेरा फक्त २ अंश तिरका असला तरी डाव्या आणि उजव्या कडेच्या अंतरात सहा सेंटीमीटरचा फरक पडतो. एफ/१.८ वर, १०० टक्के मोठं करून बघताना, एक कड सॉफ्ट दिसायला एवढा फरक पुरतो. भिंतच वापरायची असेल तर फ्रेमच्या मध्यावर एक छोटा सपाट आरसा भिंतीला चिकटवून धरा. आरशात लेन्सचं प्रतिबिंब दिसेल. त्याचा मध्य बरोबर फ्रेमच्या मध्यावर येईपर्यंत कॅमेरा फिरवा, म्हणजे सेन्सर भिंतीला समांतर होतो.

सौद्याच्या वेळी एवढा खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा लांबची वस्तू बरी. काही शे मीटरवरची एखादी अँटेना किंवा खिडकीची जाळी निवडा, म्हणजे समांतरपणाचा प्रश्नच मिटतो. लेन्स पूर्ण उघडी ठेवा. जाळी मध्यावर घेऊन लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करा आणि लगेच मॅन्युअल फोकसवर टाका, म्हणजे फोकस हलणार नाही. मध्यावर एक फ्रेम काढा, मग कॅमेरा वळवून तीच जाळी एकेका कोपऱ्यात आणत चार फ्रेम. हेच एफ/५.६ आणि एफ/८ वर पुन्हा करा. भर दुपारी टेलिफोटोने लांबचं टिपू नका. तापलेल्या हवेची लहर जाळी वितळल्यासारखी दाखवते आणि त्यात लेन्सचा काहीच दोष नसतो.

आता चारही कोपरे शेजारी-शेजारी ठेवून बघा. आतली काच केंद्रातून सरकलेल्या, म्हणजे डीसेंटर्ड लेन्समध्ये एका कोपऱ्यात जाळीचे गज दुहेरी किंवा एकाच दिशेला फासल्यासारखे दिसतात. समोरचा कोपरा मात्र स्वच्छ असतो. एफ/८ वरही तो फरक अनेकदा पूर्ण जात नाही.

संशय आला की त्याच कोपऱ्यावर नव्याने फोकस करून बघा. चारही कोपरे आपापल्या ठिकाणी नव्याने फोकस केल्यावर सारखेच सुधारले तर ते फील्ड कर्व्हेचर, म्हणजे फोकसचं प्रतल वाकलेलं असणं. ते डिझाइनमध्येच असतं. वाईट कोपरा सुधारला पण समोरचा बिघडला, तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे. कसाही फोकस करून कोपरा स्वच्छ होत नसेल तर लेन्स सोडून द्या. शेवटची खात्री म्हणून कॅमेरा उलटा धरून फोटो काढा. तरीही फ्रेमचा तोच कोपरा सॉफ्ट येत असेल तर दोष दृश्यात नाही. तो लेन्समध्ये आहे की कॅमेऱ्याच्या माउंटमध्ये, हे ठरवायला आपली एक खात्रीची लेन्स बरोबर असू द्या. अ‍ॅडॅप्टरवर लावलेली लेन्स या चाचणीत फसवते, कारण तिरका अ‍ॅडॅप्टर हुबेहूब डीसेंटरिंगसारखा दिसतो.

अंधारी खोली मिळाली तर आणखी एक झटपट चाचणी होते. मोबाइलच्या टॉर्चवर फॉइल लावून त्याला सुईने भोक पाडा, तीन-चार मीटरवरून तो ठिपका मध्यावर घ्या आणि फोकस थोडा बिघडवा. पसरलेली चकती गोल आणि तिच्यातली वलयं एककेंद्री हवीत. आस सरकलेल्या चाकासारखी ती एका बाजूला दिसली तर काच हललेली आहे. कोपऱ्यांत चकती मांजराच्या डोळ्यासारखी लांबट होते, त्याला घाबरू नका. फक्त समोरासमोरचे कोपरे एकमेकांची आरशातली प्रतिमा दिसायला हवेत.

चुकीचं अ‍ॅपर्चर

एफ/८ वर काढलेला नमुना फोटो दाखवून लेन्स विकली जाते. एफ/८ वर बहुतेक लेन्स चांगल्याच दिसतात! एफ/१६ किंवा एफ/२२ वर तपासलं तर उलटं होतं, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) उत्तम लेन्सही सॉफ्ट पडते. पूर्ण उघडं, त्याच्या एक स्टॉप खाली (म्हणजे निम्मा प्रकाश) आणि मग एफ/५.६ ते ८, एवढं पुरे. झूम असेल तर हे तिन्ही टप्प्यांवर करा: वाइड, मधला आणि टेली. फुल फ्रेमची लेन्स १.५ क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर तपासली तर चित्राचा जेमतेम ४४ टक्के भाग दिसतो, आणि ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला ते कोपरे त्यात येतच नाहीत.

पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर सगळ्या फ्रेमवर धुकट चमक दिसली तर लेन्स काढून मागून तिरका टॉर्च मारा. दुधाळ पातळ थर म्हणजे हेझ, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे फंगस. दोन्ही कॉन्ट्रास्ट खातात. आतली थोडी धूळ शार्पनेसला काही करत नाही, तिच्यावरून भाव पाडायचा तर पाडा. पुढच्या काचेवरच्या एखाद-दुसऱ्या चऱ्यापेक्षा मागच्या काचेवरचा चरा जास्त नडतो. निकॉन एफ माउंटच्या बहुतेक लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्यावर अ‍ॅपर्चर मिटवून बसतात. मागची छोटी दांडी बोटाने सरकवून धरल्याशिवाय आतली काच नीट दिसणारच नाही. पाती मोकळेपणाने उघडतात-मिटतात का आणि त्यांवर तेल आहे का, हेही तेव्हाच दिसतं.

मागच्या स्क्रीनवर निकाल

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो तो आतच तयार झालेला जेपीईजी. त्यात शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन झालेलं असतं, लेन्स करेक्शनही अनेकदा असतं. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, लॅपटॉपवर १०० टक्के मोठं करून बघा. ३०० टक्क्यांवर कुठलीच लेन्स चांगली दिसत नाही.

फिल्टर रिंगला पोचा असेल, माउंटच्या स्क्रूंच्या खाचा चकाकत असतील किंवा झूम लांब केल्यावर पुढची नळी डुगडुगत असेल, तर लेन्स पडलेली किंवा उघडलेली असण्याची शक्यता धरूनच कोपऱ्यांची चाचणी दोनदा करा: एकदा कॅमेरा आडवा धरून, एकदा उभा. सैल नळीत काच वजनाने खाली झुकते, आणि सॉफ्ट कोपरा कॅमेरा फिरवला की जागा बदलतो.