जुन्या फोर बाय फोरला मोठी टाकी बसवताय? या चुका टाळा

मोठी टाकी बसवून झाली की तक्रारी ठरलेल्या असतात. पंपावर डिझेल आत जात नाही, काटा काहीतरीच दाखवतो, मागून वास येतो, चढाला इंजिन गचके खातं. दोष टाकीला दिला जातो. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक गाड्यांत टाकी धडधाकट होती, घोळ तिच्या पाइपांत होता. चासीला टाकी अडकवायचं काम एका दुपारी उरकतं. पाइपांसाठी मात्र कोणालाच धीर नसतो.

ब्रीदरकडे दुर्लक्ष

टाकीत डिझेल जायचं तर आतली हवा बाहेर पडली पाहिजे, आणि इंजिन जेवढं डिझेल ओढेल तेवढी हवा आत आली पाहिजे. एवढी साधी गोष्ट आहे. तरी जुन्या टाकीचा ब्रीदर पाइप, म्हणजे ही हवा ये-जा करायची नळी, नव्या टाकीला सर्रास तसाच लावतात. कमी पडला तर तुकडा जोडतात, जास्त झाला तर खाली लोंबता सोडतात. लोंबणाऱ्या पोटात डिझेल साचतं आणि हवेची वाट बंद होते. मग पंपाचं नोझल सारखं खटकन बंद पडतं आणि अर्धी टाकी भरायला अर्धा तास लागतो.

ब्रीदर टाकीच्या सगळ्यात उंच जागेतून निघायला हवा आणि भरण्याच्या गळ्यापर्यंत चढतच जायला हवा. मध्ये कुठेही झोळ नको, घडी नको. टाकी लांबट आणि चपटी असेल तर एका टोकाला हवा अडकून राहते, तिथून वेगळा ब्रीदर काढावा लागतो. शेवटची क्लिप आवळण्याआधी मी पूर्ण पाइपावरून हात फिरवतो. डोळ्यांना न दिसलेली घडी बोटांना लागते.

धावत्या गाडीला डिझेल कमी पडतंय असं वाटलं तर फिल्टर आणि पंप उघडायच्या आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन लगेच सुधारलं, तर ब्रीदर तुंबलेला आहे. काही जुन्या झाकणांतच हवेचा व्हॉल्व असतो, तोही तपासा. झाकण सैल ठेवून गाडी फिरवणं हा उपाय नव्हे. धूळ-पाणी आत जातं आणि वळणावर डिझेल बाहेर येतं.

दुसरी टाकी, पण रिटर्न पहिल्यातच

मूळ टाकी ठेवून जोडीला दुसरी बसवणाऱ्यांची ही चूक आहे, आणि ती पुन्हा पुन्हा पाहून मला खरोखर वाईट वाटतं. डिझेल इंजिन टाकीतून ओढलेलं सगळं डिझेल जाळत नाही. उरलेलं रिटर्न लाइनने परत येतं. ज्या टाकीतून ओढलं त्याच टाकीत ते परत गेलं पाहिजे.

ओळखीच्या एका गृहस्थांच्या गाडीत टाकी बदलायचा व्हॉल्व फक्त ओढणाऱ्या लाइनवर लावला होता. रिटर्न कायमची मूळ टाकीत. दुसऱ्या टाकीवर गाडी चालवली की तिचा काटा भराभर खाली यायचा, आणि आधीच भरलेली मूळ टाकी ब्रीदरमधून वाहू लागायची. मागचं चाक डिझेलने ओलं. त्यांनी आधी झाकण बदललं, मग भरण्याचा होज बदलला. ॲव्हरेज पडलं म्हणून इंजेक्शन पंपसुद्धा खोलून झाला. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी दुसऱ्या टाकीवर इंजिन चालू ठेवलं आणि मूळ टाकीच्या गळ्यात टॉर्च मारला. डिझेलची पातळी डोळ्यांदेखत वर येत होती. ओढणारी आणि परतीची, दोन्ही लाइन एकाच वेळी बदलणारा व्हॉल्व लावला आणि प्रश्न मिटला. पंपाला हात लावायची गरजच नव्हती. टायरवर, ब्रेकवर डिझेल गळणं धोक्याचं असतं, म्हणून असा व्हॉल्व बसेपर्यंत दुसरी टाकी वापरू नका.

काटा

जुना फ्लोट, म्हणजे काट्याला पातळी कळवणारा तरंगता भाग, जुन्या टाकीच्या खोलीप्रमाणे बनलेला असतो. नव्या टाकीत त्याचा दांडा तळाला किंवा छताला अडकू शकतो. टाकी वर चढवण्याआधीच तो मीटरला जोडून हाताने वर-खाली करून बघा. नंतर सपाट जागेवर दहा-दहा लिटर ओतत काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. मी तो कागद सनव्हायझरला लावतो. कंटाळवाणं काम आहे, पण निर्जन रस्त्यावर हाच कागद कामाला येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात:

गाडी जॅकवर असताना ॲक्सल खाली लोंबतो, त्यामुळे जागा भरपूर दिसते. ॲक्सल बंपस्टॉपला (त्याला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर उचला, एकेक चाकही उचलून बघा, मगच टाकीची जागा पक्की करा. एक्झॉस्ट जवळून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच.

डिझेलसाठी आतून जस्त चढवलेली टाकी नको. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होते आणि त्यातून तयार झालेली घाण इंजेक्टरपर्यंत जाते.

नवी टाकी म्हणजे स्वच्छ टाकी नव्हे. वेल्डिंगचे कण आणि चुरा आधी धुऊन काढा.

शंभर लिटर डिझेल म्हणजे साधारण 84 किलो, तेही बहुधा मागच्या ॲक्सलच्या मागे. स्प्रिंगचे थकलेले पाटे तसेच ठेवून वर सामान लादू नका. हेडलाइटचा झोतही तपासा, मागून गाडी बसली की तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पाण्याचा होज इंधनाला कधीही नको. तो आतून फुगतो आणि सुटतो.

रिकाम्या केलेल्या जुन्या टाकीवर, विशेषतः पेट्रोलच्या, वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवू नका. आतली वाफ पेटते. कितीही घाई असो, यात सूट नाही.

पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरू नका. थोडं भरा, सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा, मग पूर्ण भरा. भरलेल्या टाकीच्या वजनाने पट्ट्या आणि त्यांखालचे रबर दबतात, म्हणून थोडी धाव झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा. सैल पट्टी टाकीला घासत राहते आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते.