अमेरिकेतल्या मुलांना मराठीसाठी सील ऑफ बायलिटरसी कसं मिळवाल

मूल घरी मराठी बोलतं ना, मग हायस्कूल संपताना त्याला इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषा लिहिता-बोलता येतात याची डिप्लोमावर किंवा ट्रान्सक्रिप्टवर अधिकृत नोंद करून घ्या. याला सील ऑफ बायलिटरसी म्हणतात, कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये कायदा केला आणि मग बाकीची राज्यं आली.

नववीतच काउन्सेलरला ईमेल करा, बारावीपर्यंत थांबू नका प्लीज. मराठीसाठी कोणती टेस्ट चालते, की पोर्टफोलिओ (मुलाच्या मराठी कामाचे नमुने) द्यायचा, फी कोण भरणार हे लेखी विचारा, कारण नियम राज्यागणिक वेगळे आहेत. इंग्रजीचीही अट असते, ती बऱ्याच ठिकाणी शाळेतल्या इंग्रजीच्या मार्कांवर किंवा राज्याच्या परीक्षेवर भागते.

खरी अडचण लिहिण्याची. आपली मुलं आजीशी फोनवर तासभर गप्पा मारतात पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरांपाशी अडतात, म्हणून रोज आजीला एक मेसेज देवनागरीतच टाइप करायला लावा, रोमन अजिबात नको. जवळ बृहन्महाराष्ट्र मंडळाची (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना) मराठी शाळा असेल तर नाव घाला, नसेल तर दोनतीन घरं मिळून रविवारी बसा. आणि हो, बोलताना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची सवय लावा, नुसतं हो-नाही करून टेस्टमध्ये सीलसाठी लागणारी लेव्हल मिळत नाही.