काळ्या जमिनीवरच्या वस्तीचे सांडपाणी

सोलापूर जिल्ह्यात सांडपाण्याचा विषय निघाला की शोषखड्ड्याचे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचे, नाव हमखास पुढे येते. नांदेड जिल्ह्यातील गावांनी तो यशस्वी करून दाखवला हे खरे. परंतु शोषखड्डा चालतो तो जमिनीच्या जोरावर. मुरमाड जमिनीत तो वर्षानुवर्षे काम देतो, तर भीमा-सीनेच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत माती ओली होताच फुगते आणि पाणी मुरण्याची वाटच बंद होते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत हौसेने घेतलेले खड्डे श्रावणात काठोकाठ भरलेले मी पाहिले आहेत.

म्हणून आधी जमीन तपासावी. शोषखड्ड्याचा तळ जिथे येणार, तितक्या खोलीवर फूटभर रुंदीचा खड्डा घेऊन तो रात्रभर पाण्याने भरलेला ठेवावा. सकाळी त्यात सहा इंच पाणी घालून घड्याळ लावावे. पाणी एक इंच उतरायला तासाहून अधिक वेळ लागला, तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा आणि वस्तीचे पाणी उताराच्या टोकाला एकत्र आणून खडी व वनस्पतींच्या वाफ्यातून शुद्ध करावे.

चाळीस घरांची, दोनशे माणसांची वस्ती धरू. जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी ५५ लिटर पाणी धरले, तर रोजचे ११,००० लिटर होते आणि त्यातील साधारण ८० टक्के, म्हणजे ८,८०० लिटर, सांडपाणी म्हणून बाहेर पडते. हे पाणी वाफ्यात दोन दिवस थांबावे, खडीतील पोकळी ४० टक्के असावी आणि पाण्याची खोली दोन फूट असावी असे धरल्यास सुमारे १५ मीटर लांब व ५ मीटर रुंद वाफा, म्हणजे पाऊण गुंठा जागा पुरते. नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल, तर भरण्याच्या दिवशी धुणीभांडी एकदम निघतात. अशा ठिकाणी वाफा मोठा घ्यावा.

वाफ्याआधी जाळी आणि दोन कप्प्यांची निवळण टाकी हवीच, कारण खडी एकदा गाळाने बसली की ती उपसून धुण्यावाचून गत्यंतर नसते. गाळाचे मूळ बहुधा मोरीत असते: भांडी घासण्याची राख, भाताची शिते, तेलकट ओशट. मोरीच्या तोंडाशी कांद्याच्या जाळीदार गोणीचा तुकडा बांधला आणि तो रोज झटकला, तरी पुष्कळ काम हलके होते; सोलापुरात ही गोणी विकत आणावी लागत नाही.

वाफ्याच्या तळाला इंचभर बारीक मातीचा थर देऊन त्यावर शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद अंथरावा. काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांचा विचार करता येथे काटकसर करू नये. तळाला लांबीभर १५ सेंटिमीटर उतार द्यावा. पाणी आत येते व बाहेर पडते त्या दोन्ही टोकांना मुठीएवढे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी आणि तीत फूट-फूट अंतरावर कर्दळ किंवा पाणकणीस लावावे. बाहेर पडणाऱ्या पाइपाला फिरता एल्बो, म्हणजे वरखाली वळवता येणारा काटकोनी जोड, बसवून पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन इंच राखावी. पाणी उघडे दिसले की डास झालेच.

शौचालयाचे पाणी या वाफ्यात आणू नये. दोन खड्ड्यांचे शौचालय स्वतंत्रच राहू द्यावे, आणि एखाद्या घराच्या सेप्टिक टँकचा पाइप गटारात सोडलेला असेल तर तो आधी बंद करवावा. हे काम बांधकामापेक्षा अवघड जाते, कारण तिथे भावकी आडवी येते.

निघालेले पाणी झाडांना किंवा हत्तीघासाला द्यावे. मेथी-कोथिंबिरीसारख्या भाज्यांना मात्र देऊ नये. कर्दळ दर तीन-चार महिन्यांनी छाटावी. टाकीतील गाळ महिन्याकाठी काढून वाळवावा, आणि ते कोणी करायचे हे ग्रामपंचायतीच्या ठरावात कर्मचाऱ्याच्या नावानिशी, खडी टाकण्यापूर्वीच लिहून घ्यावे.