युटीआयच्या जिवाणूंवर वनस्पती अर्क: झोन दिसला म्हणून हुरळून जाऊ नका

एमएस्सीच्या प्रोजेक्टला गोखरू आणि युटीआय (मूत्रमार्गाचा संसर्ग) हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. तुम्हीही घ्या, विषय चांगला आहे. फक्त काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी थेट मिक्सरला लावू नका. लहान गोखरू म्हणजे आपला सराटा. मोठा गोखरू वेगळ्याच कुळातला. फुलाफळांसकट नमुना नेऊन पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणातून ओळख पक्की करून घ्या.

आता खरी मेख. मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क वॉटर बाथवर आटतो, तळाशी डांबरासारखा चिकट थर उरतो. वरून सुकलेला दिसतो, पण आत मिथेनॉल अडकलेलं असतं. तेही वजनात धरलं जातं आणि मिग्रॅ प्रति मिली हा आकडाच खोटा ठरतो. पुढे तो अर्क निव्वळ डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) विरघळवून वेलमध्ये, म्हणजे आगरच्या प्लेटमधल्या छोट्या खड्ड्यात, भरला की ई. कोलाय या जिवाणूच्या लॉनवर (प्लेटभर वाढलेल्या थरावर) छान गोल झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेला मोकळा भाग, उमटतो. तो सराट्याचा की सॉल्व्हंटचा? माझं काम इथेच अडलं होतं, म्हणून पुन्हा सांगते: डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत अर्क वाळवा. त्याच प्लेटवर, तेवढ्याच मायक्रोलिटरचा नुसत्या डीएमएसओचा वेल हवाच. वेगळ्या प्लेटवरचा कंट्रोल मी तरी मानत नाही. सीनियरच्या जुन्या प्लेटचा फोटो तर नाहीच नाही.

झोनचे मिलिमीटर सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. अर्कातले मोठे रेणू आगरमधून सावकाश सरकतात. एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढा. हिरड्यासारख्या गडद अर्कात जिवाणू वाढल्याचा गढूळपणा दिसत नाही, तिथे रेझाझुरिन वापरा; जिवंत जिवाणू या निळ्या रंगाला गुलाबी करतात. पण काही अर्क जिवाणूंशिवायही त्याला गुलाबी करतात, म्हणून अर्क आहे पण जिवाणू नाहीत असा एक वेल ठेवा. प्रोटियस (प्लेटवर पसरत जाणारा जिवाणू) असेल तर झोनमध्ये पसरलेला पातळ पापुद्रा सोडून मोजा.

आणि झोन आलाच नाही तर रडू नका, खरंच. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं आवरण बऱ्याच रेणूंना आत शिरू देत नाही. शिवाय गोखरू परंपरेने मूत्रल म्हणून दिला जातो, जंतू मारायला नव्हे. क्रॅनबेरीबद्दलही मुख्य दावा जिवाणू मूत्रमार्गाला चिकटू न देण्याचा आहे. तो परिणाम झोनमध्ये दिसणारच नाही. शून्य आला तर शून्यच लिहा. त्यावर नाराज होणाऱ्या गाइडपेक्षा स्वतः इनक्युबेटर उघडून प्लेट बघणारा गाइड शोधा.

रुग्णांचे आयसोलेट्स (त्यांच्या नमुन्यांतून वेगळे केलेले जिवाणू) हवे असतील तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. मंजुरी येईपर्यंत ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाणित वाणावर हात बसवून घ्या.