खंडग्रास सूर्यग्रहण कसं बघावं: आधी आपल्या जागेची वेळ काढा

खंडग्रास सूर्यग्रहण, म्हणजे चंद्र सूर्याचा काही भागच झाकतो ते ग्रहण, बघायला सामान फारसं लागत नाही. जाड पुठ्ठा, टाचणी, पांढरा कागद आणि मिळाला तर ग्रहणाचा चष्मा. हुकते ती बहुतेक वेळा वेळच. बातमीत एक वेळ ऐकून माणूस बाहेर येतो, तर सूर्य अख्खा गोल. आणि कंटाळून आत गेला की इकडे ग्रहण लागतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चंद्रग्रहण, चंद्र क्षितिजाच्या वर असलेल्या सगळ्यांसाठी एकाच क्षणी लागतं. सूर्यग्रहणात मात्र चंद्राची सावली पृथ्वीवरून साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाते आणि प्रत्येक ठिकाणी आपापल्या वेळेला पोचते. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण घ्या. जागतिक प्रमाणवेळेनुसार (यूटीसी) दक्षिण स्पेनमध्ये ते सकाळी पावणेनऊच्या सुमारास खग्रास, म्हणजे सूर्य पूर्ण झाकलेला, असेल आणि इजिप्तमधल्या लक्सरला दहा वाजून गेल्यावर. भारतात ते खंडग्रास दिसेल, तेही लक्सरच्या नंतर. म्हणजे बातमीत ‘ग्रहणमध्य’ म्हणून सांगितलेली वेळ बऱ्याचदा पृथ्वीवरच्या भलत्याच ठिकाणाची असते.

तेव्हा पहिलं काम हे. नासासारख्या संस्थांच्या ग्रहण-नकाशावर आपलं ठिकाण शोधा आणि तिथल्या चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: स्पर्श (ग्रहण लागण्याची वेळ), मध्य (सूर्य सगळ्यात जास्त झाकला जाण्याची), मोक्ष (ग्रहण सुटण्याची) आणि मध्याच्या वेळी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल ते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिली असेल तर आपल्या देशाचा फरक मिळवा. भारतासाठी साडेपाच तास. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथे तो तासही धरा. काही जण दुसऱ्या शहराची वेळ घेऊन रेखांशाच्या दर अंशाला ४ मिनिटं असा हिशोब करतात. सूर्योदयाला तो ढोबळमानाने चालतो, ग्रहणाला नाही. सावलीचा वेग आणि वाट निराळी असते.

त्याच पानावर ग्रासमान दिसेल. ग्रासमान ०.५ म्हणजे सूर्याचा निम्मा व्यास झाकलेला, निम्मं बिंब नव्हे. क्षेत्रफळ तेव्हा साधारण ३९ टक्केच झाकलेलं असतं. म्हणून दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर आधी बघा, कोण व्यासाबद्दल बोलतंय आणि कोण क्षेत्रफळाबद्दल.

आदल्या दिवशी, बरोबर ग्रहणाच्या वेळेला, ठरवलेल्या जागी उभे राहा. एका दिवसात सूर्याची जागा नजरेला कळण्याइतकी बदलत नाही, त्यामुळे झाड किंवा इमारत आड येते का ते लगेच समजतं. हात सरळ पुढे ताणला की मूठ आकाशाचे साधारण १० अंश झाकते. ग्रहण ग्रस्तोदित किंवा ग्रस्तास्त असेल, म्हणजे सूर्य ग्रासलेलाच उगवणार वा मावळणार असेल, तर ही पाहणी अजिबात टाळू नका. माझं एक ग्रहण समोरच्या झाडीमागेच मावळून गेलंय, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

आता डोळे. खंडग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला जातच नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी बघता येईल असा एकही क्षण नसतो. उरलेली बारीक कोरही दृष्टिपटल भाजते. तिथे वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे इजा होताना कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध धुरकट डाग दिसतो आणि तो कायमचा राहू शकतो. गॉगल, काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी, पाण्यातलं प्रतिबिंब, विरळ ढग, यांतलं काहीही चालत नाही. चष्मा आयएसओ १२३१२-२ या मानकाचा हवा. घरातल्या दिव्याकडे त्यातून बघा; साधा दिवा जवळजवळ दिसताच कामा नये. ओरखडा किंवा छिद्र असेल तर फेकून द्या. तो घालून दुर्बिणीतून कधीही बघू नका: दुर्बीण ऊन एकवटते आणि फिल्टर जाळते. दुर्बिणीचा फिल्टर तिच्या पुढच्या तोंडालाच लागतो.

चष्मा नसला तरी काही अडत नाही. पुठ्ठ्याला टाचणीने एक स्वच्छ भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून येणारं ऊन कागदावर घ्या. दिसतो तो ठिपका म्हणजे भोकाचा आकार नसून सूर्याची उलटी प्रतिमा असते. पुठ्ठा आणि कागद यांत १ मीटर अंतर असेल तर ती जेमतेम ९ मिलिमीटरची पडते. मोठी हवी असेल तर छोट्या आरशावर कागद चिकटवा, त्याला ५ मिलिमीटरचं भोक ठेवा आणि ऊन १० मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. ९ सेंटिमीटरचा सूर्य सगळ्यांना एकदम बघता येतो. आरसा कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही एवढं सांभाळा. मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते दाट झाडाखाली पांढरी चादर अंथरणं. एरवी पानांच्या फटींतून गोल कवडसे पडतात. ग्रहणात त्याच कवडशांच्या शेकडो कोरी होतात आणि वारा आला की चादरभर हलतात.

स्पर्शाच्या ५ मिनिटं आधी तयार राहा. पहिली खाच सूर्याच्या पश्चिम कडेला पडते. ती चष्म्यातून दिसायला अर्धा-एक मिनिट लागतं आणि टाचणीच्या भोकातून आणखी काही मिनिटं, म्हणून वेळ चुकली असं समजून आत जाऊ नका. स्पर्शापासून मोक्षापर्यंत दोन-अडीच तासही जाऊ शकतात. एकटक बघत बसण्यापेक्षा दर १० मिनिटांनी कागदावरच्या प्रतिमेभोवती पेन्सिल फिरवून शेजारी वेळ लिहा. ग्रास बराच मोठा असेल तर मध्याच्या आसपास सावल्यांच्या काही कडा विलक्षण रेखीव होतात, ऊन फिकं पडतं. मुलं जवळ असतील तर त्यांना आपल्या हाताच्या सावलीतली बोटं बघायला सांगा. शेवटची खाच पूर्व कडेवरून सुटली की घड्याळ बघा आणि ती वेळ आदल्या दिवशी लिहून घेतलेल्या मोक्षाशेजारी मांडा.