शाळेचा निधी, खोल्या आणि पदं : नव्या मुख्याध्यापकांनो, या चुका टाळा

जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत मिळून ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा, म्हणून. निवृत्तीनंतरही फोन येतात. प्रभारी मुख्याध्यापक झालेला एखादा तरुण शिक्षक रात्री साडेनऊला विचारतो, "सर, ऑडिटचं पत्र आलंय, काय करू?" अर्ध्या मिनिटात कळतं की चूक तीच आहे, जी वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्याच माणसानं केली होती.

आधी एक गोष्ट समजून घ्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा पैसा मुंबईच्या प्राथमिक शिक्षण परिषदेतून येतो, खोली जिल्ह्यातून मंजूर होते आणि शिक्षकाचं पद संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं मंजूर करताना, ठरतं. या तिन्ही ठिकाणच्या माणसानं तुमची शाळा कधी पाहिलेली नसते. तो तुम्ही भरलेला कागद पाहतो. कागदावर तुम्ही "ठीक आहे" लिहिलंत की सरकारच्या लेखी ते ठीक झालं आणि पुढचा पैसा दुसऱ्या शाळेकडे वळला. खाली लिहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ इथंच आहे.

कामाआधी उपयोगिता प्रमाणपत्र देणं

उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला. माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पटापर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. अडचण अशी की हा पैसा अनेकदा वर्षाच्या शेवटी हातात येतो. २०२१ पासून शाळेच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही. शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. त्यामुळे मार्चची घाई आणखी वाढली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी पहिली ते सातवीची शाळा, पट ११२, अनुदान ५०,०००. मुलींच्या शौचालयाची दोन्ही दारं गंजून पडली होती, वर पाण्याची टाकी नव्हती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावातला मिस्तरी बिल घेऊन आला. "गुरुजी, सही करी द्या, मार्च शे. काम आखाजीले करसू." मुख्याध्यापक प्रामाणिक माणूस. पैसा परत गेला तर गाव बोलेल, ही त्याची भीती. त्यानं सही केली, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी केली, पैसे गेले, "काम पूर्ण" असं उपयोगिता प्रमाणपत्रही गेलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली, लग्नसराई आली, मग पाऊस आला. मिस्तरी सुरतेला कामाला निघून गेला.

एप्रिलमध्ये मी त्या शाळेत गेलो होतो. कॅशबुक पाहिलं, व्हाउचर जुळलं, चहा घेतला आणि निघालो. शौचालय वीस पावलांवर होतं, तिकडे गेलो नाही. ती चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते.

जुलैत सातवीचं हजेरीपत्रक चाळताना दिसलं की मोठ्या मुलींच्या नावापुढे दर महिन्याला चार-चार दिवस गैरहजेरी आहे. बाईंना विचारलं, तर त्यांनी नुसतं मागच्या बाजूला बोट दाखवलं. दुरुस्तीसाठी पुन्हा मागणी केली, तर वरून उत्तर आलं, "सदर काम मागील वर्षी पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र प्राप्त आहे." सांगा, या उत्तरात त्यांचं काय चुकलं? पुढं लेखापरीक्षणात वसुली निघाली. मुख्याध्यापकाच्या पगारातून हप्ते कापले गेले. दारं शेवटी लोकवर्गणीतून बसली, तोवर दीड वर्ष गेलं होतं.

माझी सवय सांगतो. काम सुरू होण्याआधी एक फोटो, चालू असताना एक आणि संपल्यावर एक. तिन्ही फोटो एकाच जागेवर उभं राहून, तोच खांब किंवा तेच झाड चौकटीत घेऊन काढायचे. एका मुलाच्या हातात पाटी द्यायची आणि तिच्यावर खडूनं तारीख लिहायची. मोबाइलवरची तारीख कोणीही बदलू शकतो. पाटी धरलेलं मूल मात्र त्याच वर्षी त्या इयत्तेत होतं, हे पटावर दिसतं. हे फोटो व्हाउचरला जोडा. तिसरा फोटो नसेल तर सही करू नका. वेळेत काम होत नसेल तर खर्चली तेवढीच रक्कम दाखवा, उरलेली "अखर्चित" लिहा आणि पुढच्या वर्षी मागणीचं पत्र द्या. पैसा परत गेला तर पुन्हा मागता येतो. "काम झालं" असं लिहिलंत तर मागायला तोंड राहत नाही.

पैशाच्या बाबतीत आणखी काही

तिन्ही दरपत्रकं एकाच अक्षरात. तपासणाऱ्याला हे पहिल्या नजरेत दिसतं. एका फाइलमध्ये तिन्ही दुकानदारांनी "प्लॅस्टिक" हा शब्द सारखाच चुकवला होता. स्वतः तीन दुकानांत जा. शिरपूर, चोपडा, शहादा, कुठंही बाजाराच्या दिवशी हे तासाभराचं काम आहे.

कॅशबुक महिनाअखेरीला एकदम लिहिणं. व्यवहार झाला त्याच दिवशी ओळ लिहा, नाहीतर चूक सापडणार नाही.

पीपीए, म्हणजे बँकेला द्यायचा पैसे देण्याचा छापील आदेश, काढून बॅगेत ठेवणं. त्याची मुदत संपते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

समितीचा ठराव नंतर लिहिणं. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं. ते पालकांना खर्चावर नजर ठेवता यावी म्हणून आहे. वही घरोघर फिरवून अंगठे घेणाऱ्या मुख्याध्यापकांना मी स्पष्ट सांगतो, तुम्ही आपल्याच बाजूचा साक्षीदार हाकलून लावता आहात. अध्यक्ष नानांना बिल वाचून दाखवा. ज्या शाळेत नानांना रक्कम तोंडपाठ असते, तिथं मुख्याध्यापकावर खोटा आळ टिकत नाही.

यादी न करता चार्ज घेणं. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, हातात धरून एकेक वस्तू मोजा. कपाट नसेल तर "आढळले नाही" असं त्याच दिवशी लिहा. आठ दिवसांनी तेच कपाट तुमच्या नावावर हरवलेलं असतं.

मागच्या वर्षीचं युडायस तसंच पुढं ढकलणं

युडायस म्हणजे शाळेनं दरवर्षी सरकारला ऑनलाइन भरून द्यायची माहिती. आपल्या खान्देशातल्या शाळांचे युडायस क्रमांक २७०१, २७०२, २७०३ ने सुरू होतात. नंदुरबार, धुळे, जळगाव. हा क्रमांक टाकून वर्ग खोल्यांचं पान उघडलं की खोली चांगली, किरकोळ दुरुस्तीची की मोठ्या दुरुस्तीची, ते निवडायचं असतं. घाईचा माणूस जुनीच माहिती कायम करतो आणि बटण दाबतो. वार्षिक कार्ययोजना या माहितीवर बनते. चार खोल्या "चांगल्या" लिहून पाचवी मागणारे आणि गळक्या खोलीचा अर्ज घेऊन तालुक्याला खेटे घालणारे मी डझनांनी पाहिले. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण, हे सगळं कायद्याच्या परिशिष्टात मागण्याचा हक्क म्हणून लिहिलेलं आहे. पण तुमची नोंद तुमच्याच मागणीच्या विरोधात असेल तर कायदा काय करणार?

तापीकाठच्या लोकांसाठी एक खास गोष्ट. आपली माती काळी. उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असेल तर मे महिन्यात भिंतीच्या भेगेत दोन बोटं जातात आणि ऑगस्टमध्ये तीच भेग मिटलेली दिसते. अभियंता बहुतेक वेळा पाऊस सुरू झाल्यावर येतो, भेगेवर हात फिरवतो आणि "किरकोळ" लिहून जातो. यात त्याची लबाडी असेलच असं नाही, त्याला त्या दिवशी तेवढंच दिसतं. म्हणून शाळा सुटण्याआधी, एप्रिलअखेर, भेगेवर फूटपट्टी आडवी धरून फोटो काढा आणि जूनच्या पत्राला तोच जोडा. भेगेत सिमेंट भरून रंग मारून घेणाऱ्यांनी स्वतःच्या हातानं पुरावा पुसलेला असतो.

धोकादायक खोलीचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडायची परवानगी, मंजूर होऊन ती पाडली जाईपर्यंत मधे बराच काळ जातो. त्या काळात तांदळाची पोती "तात्पुरती" तिथं ठेवू नका. पोत्यांमागे स्वयंपाकीण ताई जातात, ताईंमागे मुलं जातात. कुलूप लावा, बाहेरून बोराटीच्या काट्या टाका, आणि समितीच्या ठरावात "वापर बंद" ही तारीख लिहा. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. ती बातमी वाचल्यावर माझ्या जुन्या केंद्रातल्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आल्या आणि त्या रात्री झोप लागली नाही.

पद वाचवण्यासाठी पटावर तीन नावं

दुसरी जुनी सवय ही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. एका शाळेचा पट ५८ होता. ३० सप्टेंबरला पट धरला जातो, तोवर तीन नावं जमवली गेली. एक मूल आईबापांसोबत गुजरातेत गेलेलं, दोन शेजारच्या पाड्यावरची, जी खरं तर आश्रमशाळेत शिकत होती. "तीन नावांनी कोणाचं काय वाईट होणार?" असं मला तोंडावर विचारलं गेलं.

सांगतो काय झालं. पटावर नाव म्हणजे हजेरी आली आणि हजेरी म्हणजे पोषण आहार. प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ. तीन नावांचा ३०० ग्रॅम तांदूळ रोज कागदावर शिजू लागला, २०० दिवसांत ६० किलो. साठा नोंदवही आणि कोठीतली पोती जुळेनात. आधार जुळवताना दोन मुलं दोन शाळांत निघाली. चौकशी दोन्हीकडे लागली. तिसरं पद तर गेलंच. ज्या बाईंसाठी हा खटाटोप केला, त्या अतिरिक्त ठरल्या आणि शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर समायोजनात ७० किलोमीटर दूर गेल्या. त्यांचं लहान मूल होतं. चौथीचा वर्ग जानेवारीत बिनशिक्षकाचा झाला.

ऑक्टोबर २०११ ची राज्यव्यापी पटपडताळणी आठवते का? मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली होती. खऱ्या पटाच्या शाळेतल्या शिक्षकांनाही त्या तीन दिवसांत चोरासारखं वाटलं, कारण कुणीतरी आधी खोटी नावं लिहिली होती.

पट खरोखर घसरत असेल तर पावसाळ्यातच पाड्यावर फिरा, शाळाबाह्य मुलं शोधा आणि दाखल करा. अक्राणी, अक्कलकुव्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं असतील, तर त्यांचं नाव कमी करू नका आणि खोटी हजेरीही मांडू नका. शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे मूल जिथं जाईल तिथं वर्गात बसू शकेल. आणि एक, मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले आहेत. जुने आकडे तोंडपाठ ठेवून अर्ज करू नका, चालू निर्णय छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

कागदावरचा शिक्षक

सातपुड्यातल्या शाळेवर पद, पगार तिथूनच, आणि माणूस तालुक्याच्या कार्यालयात "प्रतिनियुक्तीवर". मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त पदं रिकामी राहू नयेत, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ म्हणतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला लावू नये, असं कलम २७ म्हणतं. पण त्या माणसाची सही तुमच्या हजेरीपुस्तकात होत राहिली तर पद भरलेलं दिसणार आणि नवा शिक्षक मिळणार नाही. साहेबांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसणारे बरेच आहेत. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही, पण वर्गातल्या चाळीस मुलांकडे बघा, एवढं जरूर म्हणेन.

हजेरीपुस्तकात त्या नावापुढं रोज "प्रतिनियुक्ती" आणि आदेशाचा क्रमांक लिहा. विस्तार अधिकारी भेटीला आले की शेरेबहीत तुमची मागणी आधी लिहून ठेवा आणि शेरा तिच्याखाली घ्या. मग समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. कारकून म्हणाला, "ठेवून जा, उद्या देतो," तरी बाकावर बसून राहा. क्रमांक पडल्याशिवाय तालुक्याहून परतीची एसटी धरू नका.